थरांच्या कॉम्पोझिटवरचा आघात संगणकावर कसा तपासावा

कार्बन फायबरच्या प्लेटवर हातातून पाना निसटून पडला, तर वरून जेमतेम खळगा दिसतो, कधी तोही नाही. आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले असतात. अशी प्लेट पुढे दाबाखाली आली, की लवकर दगा देते. सिम्युलेशनमध्ये पकडायचं आहे ते हेच सुटणं, म्हणजे डीलॅमिनेशन.

१. आधी चाचणी ठरवा. एएसटीएम डी७१३६ या प्रमाणित आघात-चाचणीत १०० × १५० मिमीची प्लेट असते आणि तिच्यावर पडणाऱ्या वजनाला १६ मिमी व्यासाचं अर्धगोल टोक असतं. जाडीच्या दर मिमीला ६.७ जूल धरले, तर ४ मिमी प्लेटला सुमारे २७ जूल लागतात. ५.५ किलोच्या वजनासाठी वेग येतो साधारण ३.१ मीटर प्रतिसेकंद. वजन वरून पाडत बसू नका. टोक प्लेटला जवळजवळ टेकवून ठेवा आणि हा वेग द्या. गणनेचा बराच वेळ वाचतो.

२. थर रचा. प्रत्येक थराला त्याच्या तंतूंची दिशा द्या. लागोपाठचे एकाच दिशेचे थर एकत्र धरले तरी चालतं, कारण थर सुटतात ते मुख्यतः दिशा बदलते तिथे. नेमक्या त्या सांध्यांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट घाला, म्हणजे दोन थरांमधला बंध आणि त्याचं तुटणं दाखवणारे गणनेतले छोटे घटक. सोलून निघणं आणि घसरून सुटणं, दोन्हींसाठी बंधाची ताकद आणि फ्रॅक्चर एनर्जी (ठरावीक क्षेत्रफळाचा बंध पूर्ण तोडायला लागणारी ऊर्जा) वेगवेगळी द्यावी लागते. इथे घाई नको. टोकाखालची मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, बारीक हवी: तुटत असलेल्या पट्ट्यात किमान तीन एलिमेंट बसले पाहिजेत.

३. थरांच्या आतल्या तुटीसाठी हाशिनचे १९८० चे निकष सुरुवातीला पुरतात; तंतू आणि त्यांना धरणारं रेझिन केव्हा तुटतं, ते हे निकष सांगतात.

४. एक्स्प्लिसिट सोल्व्हरवर (अगदी छोट्या वेळ-टप्प्यांनी पुढे जाणाऱ्या गणनापद्धतीवर) चालवा आणि रंगीत चित्राआधी ऊर्जेचा हिशेब बघा. अंतर्गत ऊर्जेच्या मानाने अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटचे खोटे आकारबदल रोखण्यात गेलेली ऊर्जा) नगण्य नसेल, तर तो निकाल बाजूला ठेवा.

५. आता प्रत्येक सांध्यातलं नुकसान वेगळं उघडून पाहा. ते भुईमुगाच्या शेंगेसारखं दिसतं आणि खालच्या थराच्या तंतूंच्या दिशेने लांबतं. एकदा माझा बल-वेळ आलेख चाचणीशी उत्तम जुळला होता, पण शेंगा +४५ ऐवजी −४५ अंशांकडे झुकल्या होत्या. कोन मोजायचा अक्ष उलटा लागला होता, आणि आलेखाला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून अल्ट्रासाउंड स्कॅनशी ताडून पाहाच. स्कॅन प्लेटच्या कोणत्या बाजूने घेतला, हे मात्र आधी विचारून घ्या. मागून घेतलेलं चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं.