जॉर्जिया सामुद्रधुनीत डाउनरिगरवर सॅमन कसा पकडावा

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकूवर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जॉर्जिया सामुद्रधुनी आहे. बेटाचा आडोसा असल्यामुळे महासागराच्या मोठ्या लाटा आत येत नाहीत, आणि गिब्सन्सपासून पेंडर हार्बरपर्यंतच्या किनाऱ्यालगत लहान बोटीतूनही सॅमन पकडता येतो. भरती-ओहोटीची ओढ मात्र इथे जोरदार असते. मासा कुठे थांबेल हे तीच ठरवते. नवखा माणूस आमिषाच्या रंगात अडकतो. खरं तर आधी जागा, मग खोली, मग वेग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

पहिलं काम कागदांचं. खाऱ्या पाण्याचा परवाना 'फिशरीज अँड ओशन्स कॅनडा' हे सरकारी खातं देतं. सॅमन ठेवून घ्यायचा असेल तर त्यावर सॅमन संवर्धनाचा वेगळा स्टॅम्प लागतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चालत नाही. असल्यास पक्कडीने दाबून सपाट करा. या सामुद्रधुनीत चिनूक जातीचा सॅमन किमान 62 सेंमी आणि कोहो जातीचा किमान 30 सेंमी लांब हवा. फ्रेझर नदीत परतणाऱ्या चिनूकसाठी 2019 पासून वसंत ते उन्हाळा या काळात कडक बंधनं आली आहेत आणि नियम ऐन हंगामातही बदलतात. म्हणून निघण्याआधी आपल्या मासेमारी क्षेत्राची ताजी सूचना वाचाच. पेंडर हार्बरचं पाणी क्षेत्र 16 मध्ये येतं.

सामान: साडेदहा फुटी लवचिक रॉड, साधं सिंगल-अ‍ॅक्शन रीळ, 25 ते 30 पौंडांचं तंगूस आणि डाउनरिगर. डाउनरिगर म्हणजे तारेवरून शिशाचा जड गोळा खाली सोडणारी चरखी. गोळा 10 ते 15 पौंडांचा. तंगूस चिमट्याने या तारेला अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वजनाशिवाय थेट माशाशी झुंज होते.

आमिषाच्या पुढे सुमारे 11 इंची फ्लॅशर बांधतात. ही चकचकीत पट्टी पाण्यात गोल फिरते. फ्लॅशरपासून आमिषापर्यंतच्या लीडरची लांबी इथे फार महत्त्वाची. हूची, म्हणजे रबरी माकूल, स्वतः हलत नाही. तिला फ्लॅशरचे हिसके हवेत, म्हणून लीडर 30 ते 40 इंच आणि जाड, 40 पौंडांच्या आसपास. तो लांब केला की हिसका वाटेतच विरतो आणि हूची नुसती फरफटत जाते. स्पून, म्हणजे चमच्यासारखा धातूचा पत्रा, किंवा टीझरमध्ये, म्हणजे डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या टोपीत, बसवलेली अँकोव्ही (एक छोटा मासा) स्वतःच हलते, म्हणून तिथे पाच-सहा फूट द्या. अँकोव्ही मऊ पडली तर आदल्या रात्री जाड मिठात ठेवा. खाली सोडण्यापूर्वी बोटीशेजारी ओढून पाहा: ती घट्ट, सरळ गिरकी घेत यायला हवी. आडवी गोते खात असेल तर टीझरमधली तार जराशी वाकवून पुन्हा पाहा.

आता सोडणं. बोट दोन ते तीन नॉट वेगात ठेवा, फ्लॅशर 15-20 फूट मागे जाऊ द्या, तंगूस चिमट्यात अडकवा आणि गोळा सावकाश उतरवा. घाई केली की लीडर फ्लॅशरला गुंडाळतो आणि तुम्ही तासभर रिकामाच गळ फिरवता. खोली गाठली की रॉडचं टोक वाकेपर्यंत तंगूस ताणून घ्या.

चरखीवरचा आकडा म्हणजे सुटलेली तार, खोली नव्हे. पाण्याच्या ओढीने तार मागे तिरपी होते. 150 फूट सोडली आणि तार 45 अंशांत कलली, तर गोळा साधारण 105 फुटांवरच असतो. चिनूक बहुधा 100 ते 200 फुटांत, हिवाळ्यात तर तळाला चिकटूनच असतो. कोहो वरच्या 30 ते 60 फुटांत. साउंडरवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, हेरिंग या छोट्या माशांचा पुंजका दिसला तर गोळा त्याच्या खालच्या कडेशी ठेवा. तळाजवळ फिरताना गोळा अडकला तर ब्रेक सैल सोडा आणि बोट वळवून अडकल्या जागेवर परत आणा. पुढे रेटू नका.

जागा म्हणाल तर खडकाळ टोकाच्या आडोशाला, जिथे प्रवाह उलटा वळतो. छोटे मासे तिथे साचतात आणि चिनूक त्यांच्यामागे येतो. भरती-ओहोटी पालटताना पाणी थांबतं, त्याच्या आधीचा आणि नंतरचा तास साधा. तो पहाटे आला तर उत्तमच. शक्यतो प्रवाहाच्या दिशेने फिरा. दर वीस मिनिटांनी गळ वर घेऊन पाहा: समुद्रगवताची एक काडीही फ्लॅशर थांबवते, आणि लहान मासा लागला तर चिमटा सुटतही नाही.

मासा लागला की आधी ढिला पडलेला तंगूस भराभर गुंडाळा. उलटा काटा नसल्यामुळे ताण क्षणभर गेला तरी मासा निसटतो, म्हणून बोट हळूहळू पुढे चालूच ठेवा आणि दुसरा डाउनरिगर असेल तर त्याचा गोळा वर घ्या. चिनूक पळाला की या रीळाची मूठ उलटी गरगरते, तिच्यापासून बोटं लांब ठेवा आणि तळव्याने कडेला दाब द्या. मासा थकून कुशीवर झाला की जाळी त्याच्या डोक्याकडून घाला. शेपटीकडून घातली तर तो पुढे उसळी मारून सुटतो.

मात्र जाळीआधी ओळख. चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके. कोहोच्या हिरड्या पांढुरक्या आणि ठिपके फक्त वरच्या पाळीवर. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर नसून तिथे भरलेला व्रण असेल, तर तो हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला मासा. काही वेळा फक्त असाच कोहो ठेवता येतो. सोडायचा मासा पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ काढा. जाळीत खवले निघतात आणि असा मासा पुढे वाचेलच असं नाही.

ठेवलेल्या चिनूकची नोंद परवान्यावर लगेच करा. मग डोक्यावर फटका, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, आतडी काढा आणि मासा बर्फात. हॅचरीच्या चिनूक-कोहोचं डोकं मात्र फेकू नका. त्यात कोरलेल्या तारेची खूण असू शकते, आणि अशी डोकी गोळा करणारी केंद्रं किनाऱ्यावर आहेत.