आवडता मेटल बँड थांबतो तेव्हा निरोप कसा घ्यावा

स्लेयर या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या निरोपाच्या दौऱ्यातील अखेरचा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथे झाला. शेवटी गिटारवादक केरी किंग याने कमरेच्या साखळ्या सोडून रंगमंचावर टाकल्या आणि गायक टॉम अराया कितीतरी वेळ प्रेक्षकांकडे पाहत नुसताच उभा राहिला. ते चित्रण पाहताना माझा कंठ दाटून आला होता. आपल्यावर अशी वेळ आली, तर काय करावे याविषयी अनुभवातून सुचलेले येथे लिहितो.

सर्वप्रथम, आपण नेमके काय गमावले हे ओळखावे. घरचे म्हणतील, ‘गाणी तर आहेतच की!’ ते खरेच आहे. पण आता नव्या अल्बमची वाट पाहणे संपलेले असते, आणि वर्षानुवर्षे जपलेली ती सवय सुटताना दुःख होणारच. ते दाबून टाकू नये.

त्यानंतर बँड का थांबला, हे शांतपणे समजून घ्यावे. २०१० मध्ये अरायाच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि गाता गाता जोरजोराने मान हलवणे त्याला कायमचे सोडावे लागले. पुढे २ मे २०१३ रोजी बँडचा दुसरा गिटारवादक जेफ हॅनमन यकृताच्या आजाराने गेला. १९८१ पासून चालत आलेल्या बँडच्या अंगावरचे हे घाव लक्षात घेतले, की ‘आम्हाला सोडून गेले’ हा राग आपोआप निवळतो. २०१३ मध्येच ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डो पैशांच्या वादातून वेगळा झाला. अशा भांडणांत चाहत्याने कोणाचीही बाजू घेऊन मन कडवट करू नये, असे माझे ठाम मत आहे.

मग सगळे अल्बम क्रमाने ऐकावेत. १९८३ च्या पहिल्या अल्बमपासून २०१५ च्या ‘रिपेंटलेस’पर्यंत स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले बारा अल्बम आहेत, रोज एक, फोन बाजूला ठेवून, सलग. १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम एकोणतीस मिनिटांचा असल्याने तो दोनदा ऐकता येतो, आणि दुसऱ्या वेळी फक्त हॅनमनच्या गिटारकडे कान द्यावा. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्लेयर बंगळुरूला आला, तेव्हा आम्ही पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. हॅनमन आजारी असल्यामुळे त्याच्या जागी गॅरी होल्ट वाजवत होता. हॅनमनला प्रत्यक्ष ऐकण्याची संधी आम्हाला पुढेही मिळालीच नाही, म्हणून अल्बममधले त्याचे गिटार ऐकणे मी टाळत नाही.

पुनर्मिलनाच्या आशेवर मात्र दिवस काढू नयेत. २०२४ मध्ये स्लेयर पुन्हा रंगमंचावर आला, त्याचा आनंद मला मनापासून झाला. परंतु तो नियमित दौऱ्यांचा जुना संसार नव्हे, अधूनमधूनची भेट आहे. किंगने त्याच वर्षी स्वतःच्या नावाचा अल्बम काढला, तोही आवर्जून ऐकावा.

राहता राहिला कार्यक्रमाचा टी-शर्ट. त्यावरच्या छापाला भेगा पडू लागल्या असतील, तर तो उलटा करून गार पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये आणि सावलीत वाळत घालावा. इस्त्री करायचीच झाली तर तीही उलट्या बाजूनेच करावी.