बंबाच्या जागी सोलर वॉटर हीटर बसवताय? या चुका टाळा

सकाळी दहाला माणसं येतात, स्टँड उभा करतात, काचेच्या नळ्या खोचतात, जेवतात आणि दोनला कॉक सोडतात. तोवर रिकाम्या नळ्या खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या असतात. आतली काच दीडशे अंशांच्याही वर जाते. तिला गार पाणी लागलं की फट् आवाज, आणि नळीला तडा. मग कंपनीच्या नावानं शिमगा! नळ्या बारदानाखाली झाकूनच बसवा, रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा, आणि सोलरची टाकी दिवस उगवायच्या आत भरा. एक रात्र थांबवत नसेल त्यानं बंबच पेटवावा.

हाच घोळ पुढेही होतो. सोलरचं गार पाणी घरातल्या नळांच्याच लाइनवरून घेतलेलं असतं. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी, गच्चीवरची टाकी संपते, खाली कुणी साधा नळ उघडतो आणि सोलरमधलं पाणी उलटं त्या नळाला येतं. सोलरची टाकी रिकामी होते आणि नळ्यांत उरलेलं पाणी उन्हात उकळून आटत जातं. अशा दुपारी पाणी आलं तरी सोलरचा कॉक बंदच ठेवा, पहाटे सोडा. पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही, लावतात, पण बोअरच्या जड पाण्यात तो क्षारानं अडकतो. त्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीला सोलरसाठी वेगळं भोक पाडा, घरच्या लाइनच्या भोकापेक्षा चार-सहा इंच खाली.

सोलरच्या टाकीतली हवा-वाफ सोडणाऱ्या उभ्या पाइपातून, म्हणजे एअर व्हेंटमधून, पाणी गळतं म्हणून त्याला बूच मारणारे महाभागही आहेत. व्हेंट बंद झाला की वाफ कोंडून टाकी फुगते. आणि गार पाणी बंद असताना गरम ओढलं तर आत चेपते. गळतंय म्हणजे व्हेंट गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ठेंगणा आहे. पाइप त्या पातळीच्या फूटभर वर न्या, तोंड खाली वळवा, बस्स.

गरम पाण्याला साधा पीव्हीसी नको, तो मऊ पडून वाकतो. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी घ्या, वरून इन्सुलेशन चढवा. नळ्यांचं तोंड दक्षिणेला. स्टँडचे पाय छाटून उतार कमी करू नका: जळगाव 21 अक्षांशावर, थंडीतलं ऊन तिरपं, उतार 30 अंशांच्या आसपास लागतोच. चार माणसांना 100 लिटर कसंबसं पुरतं. पाहुण्यांचा राबता असेल तर 200 घ्या. सोलरच्या टाकीत पाणी असल्याची खात्री केल्याशिवाय आतल्या विजेच्या कॉइलचं बटण दाबू नका.

आणि बंब इतक्यात मोडीत घालू नका. श्रावणात चार दिवस आभाळ भरून राहिलं की तोच आठवतो.