नो क्लेम बोनस: गाडीच्या विम्यात या चुका टाळा

पॉलिसी रिन्यू करताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, एकूण किती भरायचे तो. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, त्याच कागदावर एका ओळीत असतो आणि तिकडे लक्ष जात नाही. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या रिन्यूअलला २० टक्के सूट मिळते. सलग दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्यापुढे ती वाढत नाही. एक क्लेम झाला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीपोटी भरतो त्या प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपोटी भरतो त्यावर नाही. "५० टक्के एनसीबी आहे, मग रक्कम निम्मी का नाही झाली?" असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हेच.

जुनी गाडी विकताना बोनस सोडून देणं

बडोद्यात मराठी घरांचे सर्वांत जास्त पैसे इथेच जातात, असं माझं मत आहे. दिवाळीला नवी गाडी ठरते, जुनी एक्स्चेंजमध्ये शोरूमला देतात आणि तिच्याबरोबर पॉलिसीची फाइलही. पण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. घेणाऱ्याला तो मिळत नाही, त्याला बोनसचा फरक भरावा लागतो. आणि देणाऱ्याने मागितला नाही तर तो पडून राहतो.

मागायचा कसा? गाडी दिल्याचा पुरावा (डिलिव्हरी नोट, फॉर्म २९ म्हणजे आरटीओला दिलेल्या मालकी-बदलाच्या सूचनेची प्रत किंवा नव्या मालकाच्या नावाचं आरसी) आणि जुनी पॉलिसी घेऊन जुन्या विमा कंपनीकडे एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे बोनस राखून ठेवल्याचं पत्र, मागा. ते तीन वर्षं चालतं. चारचाकीचा बोनस चारचाकीलाच लागतो, स्कूटरचा कारला नाही. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा प्रीमियम २०,००० असेल आणि तुमचा बोनस ५० टक्के असेल, तर १०,००० रुपये तिथल्या तिथे वाचतात. शोरूममध्ये पॉलिसी निघायच्या आधीच सांगा, "माझा जुना एनसीबी यात लावा." गाडी विकून वर्ष झालं असेल तरी घाबरू नका, तीन वर्षांच्या आत असाल तर आजही पत्र मागता येतं.

बाबांच्या नावावरची गाडी त्यांच्या पश्चात आईच्या किंवा मुलांच्या नावावर झाली आणि तेच ती वापरत असतील, तर मात्र बोनस त्यांच्याकडे येतो. ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे.

चार हजारांसाठी क्लेम

दांडिया बाजारात पार्किंग करताना पुढचा बंपर घासला, क्लिपा तुटल्या. गॅरेजने बिल सांगितलं ७,००० : बंपर ४,०००, रंग आणि मजुरी ३,०००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापतात, म्हणजे २,००० गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये आपण भरायचेच असतात. रंगाच्या सामानावरची कपात सोडून दिली तरी हातात येतात ४,०००.

आता दुसरी बाजू मांडा. समजा बोनस नसता तर ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० आहे आणि सध्या ३५ टक्के बोनस मिळतोय. क्लेम न करता पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के मिळाले असते. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरकाची बेरीज होते १२० टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. गाडी जुनी होते तसा मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल, पण चार हजारांच्या जवळपासही येणार नाही. गाडी पहिल्याच वर्षात असेल तर हेच नुकसान निम्म्या प्रीमियमएवढं होतं, मग मध्यम खर्चाचा क्लेमही परवडतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असलं तरी क्लेम तो क्लेमच, बोनस जातो. तो टिकवणारं एनसीबी प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, तेही आधीच.

मोठं नुकसान होऊनही गप्प बसणं

ही उलटी चूक, आणि जास्त महाग. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी समा, कारेलीबाग, अकोटा भागांत घुसलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा वेळी "माझा ५० टक्के बोनस जाईल" म्हणून क्लेम टाळणं चुकीचं आहे. वरच्याच हिशोबाने ५० टक्के बोनस असलेल्या माणसाचं नुकसान मूळ प्रीमियमच्या सव्वापट, म्हणजे १०,०००. बुडालेल्या गाडीचं वायरिंग आणि सीट यांचाच खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. फक्त पाण्यातली गाडी चावी फिरवून सुरू करून बघू नका. त्यामुळे इंजिनात पाणी जाऊन जे बिघडतं, ते इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर नसेल तर कंपनी देत नाही. आणि त्याच वर्षी दुसरा क्लेम करायची वेळ आली, तर गेलेला बोनस पुन्हा जात नाही.

"तीन वर्षांची पॉलिसी आहे ना!"

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि दुचाकीला पाच वर्षांची घ्यावी लागते. ओन डॅमेज मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचं असतं. पॉलिसीवरची लांबची तारीख बघून लोक निर्धास्त राहतात. ओन डॅमेज संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केलं तर बोनस राहतो, त्यानंतर साठवलेला सगळा जातो. मधल्या दिवसांत झालेलं नुकसान मिळत नाही, आणि रिन्यू करताना गाडीची तपासणी होते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

एजंटने भरलेला आकडा न बघणं

कंपनी बदलताना अर्जावर बोनस किती हे आपण जाहीर करतो. स्वस्त दाखवायला कोणी २० चे ३५ केले, तरी सही आपलीच. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि आकडा खोटा निघाला तर ओन डॅमेजचा क्लेम हातचा जाऊ शकतो. आत्ताच पॉलिसी काढून बघा. गेल्या वर्षी क्लेम झालेला असूनही एनसीबी दिसत असेल, तर कंपनीला लेखी कळवा, फरक भरा आणि दुरुस्तीचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल केल्याचा कागद, हातात घ्या. हे क्लेमची वेळ यायच्या आधी करायचं, गाडी गॅरेजमध्ये उभी असताना ही दुरुस्ती होत नाही.