बातमीत ‘स्वयंचलित’ लिहिण्याआधी बंदूक कशी ओळखावी

शस्त्रं पकडल्याच्या बातम्यांत ‘स्वयंचलित’ हा शब्द सर्रास पडतो आणि अनेकदा चुकतो. तो लिहिण्याआधी एकच विचारा: चाप दाबून तसाच धरून ठेवला तर किती गोळ्या सुटतात?

एकच सुटली, रिकामी पुंगळी बाहेर पडली आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढलं, तर शस्त्र अर्धस्वयंचलित. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावाच लागतो. चाप सुटेपर्यंत किंवा मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहिल्या, तर पूर्ण स्वयंचलित. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातली प्रतिबंधित शस्त्रांची व्याख्या याच कसोटीवर बेतलेली आहे.

रूपावर जाऊ नका. पोलिसांच्या हातातल्या तीन रायफली घ्या. पॉइंट ३०३ मध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) हाताने मागेपुढे करावा लागतो. एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) अर्धस्वयंचलित, २० गोळ्यांची. एके-४७ मात्र दोन्ही प्रकारे चालते. तिच्या उजव्या बाजूची पट्टी वर असताना शस्त्र बंद, मधे स्वयंचलित, अगदी खाली एकेक गोळी. नागरी बाजारासाठी बनलेल्या तशाच दिसणाऱ्या रायफलींत मधली जागाच नसते. इन्सास या भारतीय बनावटीच्या रायफलीत तीन गोळ्यांची फैर असते. चाप धरून ठेवला तरी तिसरीनंतर ती थांबते.

अमेरिकेतल्या बातम्यांत गोंधळ जास्त होतो. एआर-१५ या रायफलीच्या नावातलं ‘एआर’ आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आलं, त्याचा ‘असॉल्ट’शी संबंध नाही. दुकानात मिळते ती अर्धस्वयंचलित. १९९४ ते २००४ ची ‘असॉल्ट’ शस्त्रांवरची बंदीही ठरावीक अर्धस्वयंचलित शस्त्रांवर होती. मशीनगनवर तिथे १९३४ पासून वेगळा कायदा आहे, आणि मे १९८६ नंतर बनलेल्या मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाहीत.

‘स्वयंचलित म्हणजे गोळी जास्त जोरदार’ हेही खरं नाही. जोर काडतुसावर आणि नळीच्या लांबीवर ठरतो. एसएलआर आणि एके-४७ दोन्ही ७.६२ मिमीच्या, पण एसएलआरच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिमी आणि एकेची ३९. म्हणून अर्धस्वयंचलित एसएलआरची गोळीच जास्त जोरदार. ‘मिनिटाला ६०० गोळ्या’ हा एकेचा आकडाही यंत्राच्या वेगाचा आहे. त्या वेगाने ३० चं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं, शिवाय धक्क्याने नळी वर उचलली जाते आणि नेम सुटतो. म्हणूनच प्रशिक्षित जवान बहुधा एकेक गोळी किंवा छोट्या फैरी झाडतात.

मॅगझिनचं पिस्तूल सहसा अर्धस्वयंचलितच असतं, नावात ‘ऑटो’ असलं तरी. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिन नसतं, फिरणारा सिलिंडर असतो. आणि ‘गावठी कट्टा’ बहुधा एकेरी गोळीचा असतो, दरवेळी हाताने भरायचा; पकडलेल्या प्रत्येक गावठी पिस्तुलाला कट्टा म्हणू नका.

पंचनाम्यात बोअर (नळीचा आतला व्यास), मॅगझिन आणि काडतुसांची संख्या मिळते, तेवढं जसंच्या तसं छापा. शस्त्र प्रत्यक्षात कसं चालतं हे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या चाचणीत कळतं. तो अहवाल येईपर्यंत नुसतं ‘रायफल’ किंवा ‘पिस्तूल’ लिहा.