१०० एमबीपीएस, १२० माणसे

नेटवर्क प्रशासनाच्या कामात माझ्या वाट्याला आलेली पहिली स्वतंत्र जबाबदारी एका निवासी प्रशिक्षण केंद्राची होती. उतरत्या दिशेला (इंटरनेटवरून आपल्याकडे) १०० आणि चढत्या दिशेला (आपल्याकडून बाहेर) २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला मेगाबिट, अशी एकच जोडणी, आणि ती वापरणारी सुमारे १२० माणसे. संध्याकाळी सात वाजले की तक्रारी सुरू होत, आणि त्या सगळ्यांची भाषा एकच असे : नेट चालत नाही. या तीन शब्दांच्या मागे तीन निरनिराळी दुखणी असू शकतात हे कळायला मला काही महिने लागले. वेग अपुरा पडणे हे एक, पॅकेटांना, म्हणजे माहितीच्या लहान तुकड्यांना, उशीर होणे हे दुसरे आणि नवे कनेक्शनच न जुळणे हे तिसरे. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांनी मर्यादा लावण्याआधी आपल्यापुढे यांपैकी कोणते दुखणे आहे हे मोजून ठरवावे.

मी मोजले नाही. प्रत्येकाला २ मेगाबिटची कमाल मर्यादा घालून दिली आणि प्रश्न सुटला असे मानले. लिनक्समधील टीसी या वाहतूक नियंत्रित करणाऱ्या आज्ञेत ‘एमबिट’ म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि ‘एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला मेगाबाइट असा अर्थ घेतला जातो, हे मला ठाऊक नव्हते. मी लिहिले होते २ एमबीपीएस. एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने प्रत्यक्षात प्रत्येकाला १६ मेगाबिटपर्यंत मोकळीक मिळत होती, म्हणजे सहा-सात जणांनी मोठ्या फाइल उतरवायला घेतल्या की जोडणी भरून जाई. ही चूक सुधारल्यावर दुसरी उघडी पडली. पहाटे तीन वाजता एकटाच जागा असलेला विद्यार्थीही २ मेगाबिटमध्ये अडकून पडे आणि उरलेली ९८ मेगाबिट क्षमता कोणाच्याही उपयोगाला न येता वाया जाई. वापरली न गेलेली बँडविड्थ नंतरसाठी साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे सरसकट कमाल मर्यादा हा वाटपाचा सर्वांत महागडा प्रकार आहे असे माझे मत तेव्हापासून झाले.

त्याऐवजी किमान हमी आणि उसनवारी यांची पद्धत वापरावी. एचटीबी या रांग-पद्धतीत प्रत्येक वर्गाला दोन आकडे द्यावे लागतात : ‘रेट’ म्हणजे गर्दीतही मिळणारा हमीचा वेग आणि ‘सील’ म्हणजे इतरांची क्षमता रिकामी असताना उसनी घेऊन गाठता येणारी कमाल. मी एकूण क्षमता ९२ मेगाबिट धरली, प्रत्येकाला ७५० किलोबिटची हमी दिली आणि कमाल ८० मेगाबिट ठेवली. १२० जणांच्या हमीची बेरीज ९० मेगाबिट होते, म्हणजे दिलेला शब्द पाळता येतो. हमींची बेरीज एकूण क्षमतेपेक्षा जास्त झाली तर आज्ञा निमूटपणे स्वीकारली जाते, पण हमीला अर्थ उरत नाही.

१०० ऐवजी ९२ का, हा प्रश्न मला प्रत्येक नवा सहकारी विचारतो, आणि त्याच्या उत्तरात या कामाचे मर्म आहे. रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी साचते. आपण पूर्ण १०० मेगाबिट सोडले तर ती अरुंद जागा सेवा पुरवणाऱ्याच्या उपकरणात किंवा मोडेममध्ये राहते आणि तिथल्या रांगेवर आपला काहीच ताबा नसतो. आपली मर्यादा जोडणीपेक्षा थोडी कमी ठेवली की रांग आपल्या राउटरमध्ये येते आणि मग कोणाला आधी सोडायचे हे आपण ठरवू शकतो. चढत्या दिशेला याचे महत्त्व अधिक आहे. २० मेगाबिटच्या मार्गावर मोडेममध्ये १ मेगाबाइटची रांग साचली तर ती रिकामी व्हायला ०.४ सेकंद लागतो. एकाने छायाचित्रांचा संग्रह चढवायला लावला की सगळ्यांचे पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंदांवरून ४०० च्या पुढे जाई आणि उतरत्या दिशेचा वेगही घसरे, कारण मिळालेल्या माहितीच्या पोचपावत्या त्याच भरलेल्या रांगेत ताटकळत असत. लोक ज्याला वेग कमी होणे म्हणत होते तो पुष्कळदा हा उशीर होता. चढती दिशा १८ मेगाबिटवर बांधल्याच्या दिवशी तक्रारी ज्या प्रमाणात कमी झाल्या, तितका फरक त्याआधी केलेल्या कोणत्याही बदलाने पडला नव्हता.

पॅकेट टाकून देणे म्हणजे दोष, अशी नवख्यांची समजूत असते आणि म्हणून ते रांगा लांब करत जातात. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळच असलेले बर्कली विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळला होता. त्या घटनेच्या अभ्यासातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपी या माहिती पोचवण्याच्या नियमसंचासाठी मांडलेल्या उपायांनुसार पाठवणारा संगणक हरवलेल्या पॅकेटावरून गर्दी ओळखतो आणि आपला वेग कमी करतो. रांग फार लांब असेल तर ही सूचना त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत म्हणूनच रांगेच्या लांबीकडे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले याकडे पाहते.

आता कनेक्शनांविषयी. टीसीपी वाटप करते ते कनेक्शनागणिक, माणसागणिक नव्हे. एकसारख्या अंतरावरच्या सर्व्हरांशी एकाचे एक आणि दुसऱ्याची नऊ कनेक्शने चालू असतील तर पहिल्याला साधारण दहावा हिस्सा मिळतो. म्हणून कनेक्शनांच्या संख्येला मर्यादा हवी असे वाटणे स्वाभाविक आहे. मी ती प्रत्येकी २० ठेवली आणि पाने अर्धवट उघडू लागली. एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत ब्राउझर एकेका सर्व्हरशी साधारण सहा कनेक्शने उघडतात आणि एका पानावरचा मजकूर अनेक सर्व्हरांवरून येतो, हे मी लक्षातच घेतले नव्हते. शिवाय माझा नियम फक्त टीसीपीला लागू होता, त्यामुळे यूडीपी या टीसीपीहून वेगळ्या पद्धतीवरून चालणारी क्विकची (वेबपाने आणण्याच्या नव्या पद्धतीची) वाहतूक त्यातून सुटत होती. वाटप न्याय्य करण्याचे काम संख्येच्या मर्यादेकडे सोपवू नये. ते रांगेने माणसागणिक करावे. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलेली केक ही पद्धत आधी यंत्रागणिक आणि मग त्या यंत्राच्या कनेक्शनागणिक वाटप करू शकते. मात्र नॅट (अनेक यंत्रांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवण्याची सोय) असेल तर तिला तसे सांगावे लागते, नाहीतर बाहेर पडताना सगळी यंत्रे तिला एकाच पत्त्याची दिसतात.

कनेक्शनांची मर्यादा खरोखर लागते ती राउटरच्या स्मृतीच्या रक्षणासाठी. एका सकाळी आधीपासून चालू असलेले व्हिडिओ कॉल नीट चालत होते, पण नवे एकही पान उघडत नव्हते. राउटरच्या नोंदीत कनट्रॅकचा, म्हणजे चालू कनेक्शनांचा हिशेब ठेवणारा, तक्ता भरल्याचा आणि पॅकेटे टाकली जात असल्याचा संदेश सतत येत होता. जुळलेल्या पण निष्क्रिय टीसीपी कनेक्शनची नोंद लिनक्स मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस जपून ठेवते. मी ती मुदत २ तास ४ मिनिटांवर आणली, कारण नॅटने याहून कमी मुदत ठेवू नये असे आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या नियमांविषयीच्या दस्तऐवजात सांगितले आहे; आणि यंत्रामागे ५०० कनेक्शनांची मर्यादा घातली, जी रोजच्या वापरात कोणालाही जाणवत नाही पण बिघडलेल्या यंत्राला मात्र अडवते. असे लक्षण दिसले तर आधी हा तक्ता पाहावा, बँडविड्थचे आलेख नंतर.

हे सारे शिकण्यासाठी दुसऱ्यांच्या जोडणीवर प्रयोग करण्याची गरज नाही, आणि मी तो केला याची मला आजही खंत वाटते. लिनक्सच्या एकाच यंत्रावर नेटवर्क नेमस्पेस वापरून दोन-तीन आभासी यंत्रे उभी करता येतात, नेटेमने त्यांच्यात हवा तेवढा विलंब घालता येतो आणि आयपर्फ ३ ने जोडणी भरता येते. एका खिडकीत पिंग चालू ठेवावे, दुसरीत जोडणी भरावी आणि रांगेची पद्धत बदलत पिंगचे आकडे लिहून ठेवावेत. खऱ्या राउटरवर नियम बदलायची वेळ येईल तेव्हा जुनी मांडणी दहा मिनिटांनी आपोआप परत लागू होईल अशी आज्ञा आधी लावून ठेवावी आणि सर्व काही ठीक चालल्याची खात्री झाल्यावरच ती रद्द करावी. दूरवरून काम करताना आपल्याच नियमाने आपली वाट बंद झाली, तर आत परतण्याचा दुसरा मार्ग नसतो.