एआयची धास्ती वाटते? कापसाचा हिशेब घेऊन बसा

अमळनेरला रविवारी मी पोरांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. लूप, फंक्शन जमायला लागलं की हमखास एक प्रश्न येतो: "सर, एआयच सगळं लिहितं, आते आमचं काय व्हई?"

ही भीती खोटी नाही. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. फ्रेशरला सुरुवातीला मिळायची ती कामं, म्हणजे छोटे फॉर्म, रिपोर्ट, टेस्ट केस, आज एआय मिनिटांत उरकतं. म्हणून "काही होत नाही रे" असा धीर मी कुणाला देत नाही. त्यापेक्षा एक अभ्यास देतो.

विषय घरचाच, कापूस. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावात १ टक्का कपात. १२ च्या वर माल घेत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या पोराला हे सांगावं लागत नाही, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

आधी वही काढा. सोपं जावं म्हणून भाव क्विंटलला ८,००० रुपये धरा आणि उत्तरं हातानं काढा. ओलावा ८ असेल तर ८,०००, १० ला ७,८४०, १०.५ ला ७,८००, १२ ला ७,६८०, १२.१ ला खरेदी नाही. ओलावा भरायचाच राहून गेला तर काय करायचं, तेही ठरवून ठेवा. हे सगळं एआयला विचारायच्या आधी. नाहीतर समोर येईल तेच उत्तर बरोबर वाटायला लागतं.

मग ओलावा दिला की भाव काढून देणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, स्वतः लिहा, अडखळत का होईना. त्यानंतर एआयला सांगा, तेही मुद्दाम अर्धवट: "ओलाव्याप्रमाणे कापसाचा भाव काढणारं फंक्शन दे." कोड लगेच येईल, नेटकाही असेल. त्यावर वहीतले आकडे चालवा. तुम्ही न सांगितलेला नियम त्यानं मनानंच धरलेला सापडेल. आता पूर्ण नियम द्या आणि पुन्हा तपासा. दोन जागा मी नेहमी बघायला लावतो. तुलना "१२ पेक्षा जास्त" अशी आहे की "१२ किंवा जास्त"? आणि ओलाव्याचा पूर्णांक तर झाला नाही ना? १०.५ चं १० झालं की क्विंटलमागे ४० रुपये जास्त जातात, २० क्विंटलला ८००. एरर कुठेच दिसत नाही. संध्याकाळी केंद्रावरची बेरीज जुळत नाही तेव्हा चूक शोधायला माणूसच बसतो, आणि त्याला ओलाव्याचा नियमही माहीत लागतो आणि कोडही वाचता यावा लागतो. मला तुम्ही तो माणूस झालेले हवे आहात.

जी ओळ मोठ्यानं मराठीत (अहिराणीत सांगा, आणखी छान) समजावता येत नाही, ती ठेवू नका. ती का लिहिली हे एआयलाच विचारा, मग ती काढून काय बिघडतं ते बघा. ज्या गावात विचारायला एकही सिनियर नाही, तिथल्या मुलांना एआयचा हा फार मोठा आधार आहे.

गिटहबवर (कोड ठेवायची, इतरांना दाखवायची वेबसाइट) कोडसोबत वहीतलं कोष्टकही टाका. मुलाखतीत "१२.१ ला काय होतं?" विचारलं तर न बघता सांगता आलं पाहिजे.

हे जमलं की पुढे दुधाचं बिल घ्या. त्याआधी गावातल्या डेअरीत जाऊन फॅटप्रमाणे असलेलं दरपत्रक उतरवून आणा.